पहिलीची हमी

माझं लग्न ठरलं तेव्हाच मला माहीत होतं, नवऱ्याची पहिली बायको मनोरुग्णालयात आहे. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं आणि त्या भरात तिनं आपलं तान्हं बाळ अंगणातल्या हौदात सोडलं. तिला कशाची शुद्ध नव्हती, म्हणून कोर्टानं तिला दोषी धरलं नाही. पण घरीही सोडलं नाही. उपचारांसाठी आत ठेवलं. पुढे रीतसर घटस्फोट झाला आणि मी धाड गावात, या घरात आले.

कागदोपत्री ती संपली होती. तरी दर संक्रांतीच्या आसपास नवरा पिशवी भरून तिला भेटायला जायचा. खोबरेल तेल, शेंगदाण्याचे लाडू, एखादी साडी. ती साडी तो दुकानात एकटा जाऊन निवडायचा. मला मात्र बाजाराच्या दिवशी म्हणायचा, "तुले जे आवडते ते घे." बाया म्हणायच्या, किती मोकळीक देतो! मला ती मोकळीक टोचायची.

मग डॉक्टरांनी कळवलं की ती केव्हाचीच बरी आहे. कोर्ट सोडायला तयार होतं, फक्त तिला सांभाळण्याची आणि औषधं चालू ठेवण्याची हमी कुणीतरी द्यायला हवी होती. भावानं अंग काढून घेतलं. "आमच्या घरात लहान लेकरं हायेत," म्हणाला. पिंपळगाव राजा या गावची तिची म्हातारी मावशी ठेवून घ्यायला तयार झाली, पण कोर्टाच्या चकरा तिला झेपणाऱ्या नव्हत्या. नवरा म्हणाला, "हमी मी घेतो."

"ती तुमची कोन लागते आता?"

"कोनीच नाही."

"मंग काऊन?"

"जे लागतात, ते तर येऊन नाही राह्यले ना."

मी बोलणं टाकलं. पण आणायला निघायच्या दिवशी मीही पिशवी भरून तयार झाले. त्याला वाटलं, मी समजून घेतलं. मला फक्त ती बघायची होती.

माझ्या मनात एक वाळकी, केस कापलेली, कुठंतरी टक लावून बसलेली बाई होती. तशी असती तर मी तिची मनापासून कीव केली असती. समोर आली ती अंगानं भरलेली, नीट वेणी घातलेली, माझ्यापेक्षा उजळ. त्याला बघून तिनं पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "बसा ना बाई, उभ्या काऊन?" जणू मी तिच्याकडे पाहुणी आले होते.

सह्या झाल्या. परतीच्या एसटीत मी डबा उघडला. तिनं आत डोकावून पाहिलं.

"याईले मेथी चालते आता? आधी तर ताट सरकवत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. लग्नापासून दर हिवाळ्यात मी मेथी करत आले आणि तो मुकाट्यानं खात आला. तिच्यासमोर त्यानं ताट सरकवलं होतं. माझ्यासमोर कधीच नाही. मी डब्याचं झाकण लावलं.

पिंपळगावला मावशी दारातच उभी होती. "या जावईबापू!" ती म्हणाली. मग मला पाहून तिनं जीभ चावली. "ये माय, तूही ये." जावईबापूंनी काही दुरुस्त केलं नाही.

दर महिन्याला तिला खामगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं होतं. पहिल्या खेपेला तो गेला. घरी आल्यावर चहा पिताना स्वतःशीच हसला.

"काय झालं?"

"काही नाही. जुनी गोठ काढली तिनं."

पुढच्या खेपेला मी म्हटलं, "आता मी जात जाईन. तुमची गिरणी बंद राह्यते." गिरणी त्याचा भाऊ चालवू शकत होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून आम्ही दोघीच जातो. बाकावर बसल्या बसल्या मी आडून आडून विचारते, तुमच्या वेळी हे कसे होते, काय बोलायचे. ती म्हणते, "गोळ्याईनं लय पुसलं गेलं, बाई." खरंच पुसलं गेलं, की ती माझ्यापासून जपून ठेवते, मला अजून कळलेलं नाही.

मागच्या महिन्यात बाकावर शेजारी बसलेली एक पोर केसपेपर काढायला उठली आणि आपलं बाळ पहिलीपुढे धरून म्हणाली, "धरा ना जरा, मावशी."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "याईच्याजवळ दे."

मी बाळ घेतलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं, न वळताच, तिनं विचारलं, "निजलं का?"

"हो."

"मान धरा त्याची."

मी मानेखाली हात नीट घातला.

संध्याकाळी घरी आले तर नवरा ओट्यावर वाट बघत होता.

"काय म्हने ती?"

"काही नाही. गोळ्या तेवढ्याच ठेवल्या."

तो अजून काहीतरी ऐकायला थांबला होता. मी चप्पल काढली, पाय धुतले आणि आत गेले.