भाच्याचं झाड

त्या झाडाचं ठिकाण विचारायला अजून लोक फोन करतात. कुणीतरी माझा फोटो कुठेतरी पाहिलेला असतो, आणि मग ‘सर, लोकेशन पाठवा ना’ असा निरोप येतो. मी सांगतो, ते झाड पडलं. हे खोटं आहे. झाड चांगलं उभं आहे. पडला तो माझा मामा. पण हे अनोळखी माणसाला फोनवर सांगून काय करायचं? त्याला रविवारी सकाळी तिथे तिवई लावायची असते.

मी मूळचा शेणव्याचा. गेली पंधरा वर्षं वाशिंदला राहतो आणि एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. माझ्या वडिलांचा आयुष्यात एकच हट्ट होता, की मुलाच्या हातात कोयता द्यायचा नाही. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताचं एक बोट कोयत्याने अर्धं नेलेलं. म्हणून मी पुस्तक धरलं, मग नोकरी धरली आणि हातात चार पैसे खेळायला लागल्यावर कॅमेरा धरला. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी शेताकडे नुसतं बघायला शिकलो. तेही एक डोळा मिटून.

आमचा हौशी फोटोग्राफरांचा एक ग्रुप होता. कुणी बँकेतला, कुणी दातांचा डॉक्टर, दोघेतिघे माझ्यासारखे. निसर्गाचे फोटो काढायचे तर चौकटीत माणूस नको, विजेची तार नको, पत्रा नको आणि प्लास्टिक तर नकोच, असा आमचा नियम. शहापूर-मुरबाडकडे तार आणि पत्रा टाळून फोटो काढायचा म्हणजे बऱ्याचदा चिखलात पालथं पडावं लागतं. मी पडायचो. त्या नियमाचा सगळ्यात कडक हवालदार मीच होतो. दुसऱ्याच्या फोटोच्या कोपऱ्यात एखादी निळी ताडपत्री सापडली की मला दिवसभर बरं वाटायचं.

मामाचं घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत. घरासमोर भाताची खाचरं, खाचरांमधल्या बांधावर ऐनाचं झाड, आणि त्याच्या मागे सह्याद्रीचा कडा सरळ वर गेलेला. असल्या जागेवर लहानपणी मी प्रत्येक सुट्टीत खेळलो होतो आणि झाड मला कधी दिसलं नव्हतं. ते दिसलं कॅमेरा आल्यावर. काळा, भेगाळलेला बुंधा. त्याला दोन्ही बाजूंनी आखूड, वाकडे हात फुटलेले, प्रत्येक हाताच्या टोकाला मुठीएवढी गाठ, आणि प्रत्येक गाठीतून पोपटी पालवीचा एकेक झुबका. एखादा म्हातारा दोन्ही हातांत भाजीच्या जुड्या धरून उभा असावा तसं ते झाड दिसायचं. असं दुसरं झाड मी त्या पट्ट्यात पाहिलं नाही.

आता ते तसं का दिसायचं, हे सांगतो. मामा दरवर्षी होळीच्या आगेमागे त्या झाडावर चढून फांद्या तोडायचा. त्या वाळवायच्या, शेण आणि गवताबरोबर शेताच्या एका तुकड्यावर पसरायच्या आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायच्या. त्या भाजलेल्या जागेला आमच्याकडे राब म्हणतात. पावसाच्या तोंडावर त्याच मातीत भाताचं रोप करायचं. हल्ली बरेचजण खत टाकून मोकळे होतात. मामा म्हणायचा, खताचं रोप उपटताना मध्येच तुटतं, राबाचं अलगद हातात येतं. तर त्या गाठी म्हणजे मामाच्या, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या, कोयत्याच्या खुणा होत्या. मला हे माहीत होतं. माहीत असून मला त्यात काही दिसलं नाही, हे जास्त वाईट.

पहिला फोटो मी एका जुलैत काढला. खाचरात पाणी भरलेलं, कड्यावर ढग अर्धे उतरलेले, पाण्यात झाड उलटं पडलेलं. फक्त मामी मध्ये होती. तिची लावणी चालली होती. मी बांधावरून म्हटलं, मामी, जरा बाजूला हो. ती कमरेत ताठ झाली, हातातली रोपांची जुडी तशीच धरून पलीकडच्या बांधाखाली जाऊन बसली. ढग मनासारखा यायला अर्धा तास लागला. अर्धा तास ती पावसात इरलं घेऊन बसून होती आणि मी पाण्यावरचे तिच्या पावलांचे तरंग विरायची वाट बघत होतो.

त्या फोटोला ठाण्याच्या एका प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी तोंड वर करून बोललो की माणसाचा हात न लागलेला निसर्ग आता आपल्या तालुक्यांतही फार थोडा उरलाय. टाळ्या पडल्या. मामा दुसऱ्या रांगेत बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. लग्नकार्याचा पांढरा शर्ट घालून तो पहाटेच्या एसटीने आला होता. नंतर फोटोपुढे तो बराच वेळ उभा राहिला. बक्षीस देणारे परीक्षक शेजारी होते. मामाने फोटोतल्या डावीकडच्या एका गाठीवर बोट ठेवलं.

“ही फांदी माझी चुकली,” तो त्यांना म्हणाला. “जरा खालून तोडाया पायजे व्हती.”

परीक्षक हसले. मला लाज वाटली. मामाची लाज वाटली, हे स्वच्छ लिहून टाकतो. मी त्याला दंडाला धरून चहाकडे नेलं. त्या हॉलमध्ये त्या फोटोविषयी एकच खरं वाक्य बोललं गेलं होतं, आणि बोलणाऱ्याला मी चहा पाजून गप्प बसवलं.

बक्षिसाने डोकं फिरतं. मी ठरवलं की त्याच झाडाची एक मालिका करायची. तेच झाड, तीच जागा, वर्षभराचे सगळे ऋतू, आणि कुणी हात न लावता. फेब्रुवारीत मी वैशाखऱ्याला गेलो आणि मामाकडे शब्द टाकला, की यंदापासून या झाडाच्या फांद्या तोडू नकोस.

“मंग राबाला काय घालू?” मामाने विचारलं.

मी म्हटलं, “एका झाडाने काय होतंय? वर एवढं रान पडलंय.”

मामी चुलीपाशी होती. ती म्हणाली की वरचं रान लांब आहे, आणि हे आता काही तरणे राहिलेले नाहीत. मी हसून तिला म्हटलं, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. माझे फोटो झाले की मी सांगतो, मग खुशाल तोडा. मामाने जास्त विचार केला नाही. बहिणीचा मुलगा कधी नव्हे ते काहीतरी मागतोय, याचंच त्याला कौतुक. त्या दिवसापासून तो त्याला भाच्याचं झाड म्हणायला लागला. गावात कुणी विचारलं, यंदा ऐन का नाही तोडला, तर सांगायचा की ते भाच्याचं हाय, त्याचं फोटो व्हायचं हायत.

त्या पावसाळ्यात झाड छान दिसलं. पुढच्या वर्षी मात्र गाठींतून निघालेल्या काठ्यांच्या फांद्या झाल्या, फांद्यांना फांद्या फुटल्या, आणि जुलैपर्यंत त्या आखूड हातांचं काही उरलं नाही. एक गोल, हिरवा, भरलेला ऐन. असे ऐन शहापूरपासून मुरबाडपर्यंत हवे तेवढे आहेत. मी कॅमेऱ्यातून पाहिलं, दोनतीन फोटो काढले, तिथेच पुसून टाकले आणि तिवई मिटली. मला तेव्हा एवढं तरी कळायला हवं होतं की मला आवडलं होतं ते मामाचं काम होतं. ते कळलं नाही. मला वाटलं, झाड बिघडलं. त्या दिवशी मामा बाजाराला गेला होता. मी मामीच्या हातचा चहा घेतला आणि निघालो. पुढच्या रविवारपासून मी नाणेघाटाच्या बाजूला जायला लागलो. तिकडे एक बरी दरी सापडली होती.

मामाला मी काही कळवलं नाही. मुद्दाम नाही. मला त्याची आठवणच राहिली नाही. माझ्या तोंडून गेलेला शब्द माझ्यासाठी तिथेच संपला होता, मामाकडे मात्र तो चालूच होता.

त्यानंतरच्या मार्चमध्ये आईचा फोन आला, मामा पडला. वरच्या उतारावर राबासाठी फांद्या तोडायला गेला होता. बांधावरच्या ऐनावर कुठे पाय ठेवायचा हे त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. दहाबारा वर्षांचा असल्यापासून तो त्यावर चढत होता. वरच्या झाडाची त्याला ओळख नव्हती. वाळकी फांदी पायाखाली मोडली आणि तो खडकावर कमरेवर आला. खाली आणेपर्यंत दुपार झाली. दोन ऑपरेशनं झाली. आता तो काठी घेऊन अंगणापर्यंत येतो, त्यापुढे नाही.

हॉस्पिटलात मी दोनदा गेलो, मोसंबी घेऊन. डॉक्टरांशी इंग्रजीत बोललो. झाडाचा विषय मी काढला नाही. मामानेही काढला नाही, आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. त्याच्या घरी मात्र मी वर्षभर गेलो नाही. सुट्टी मिळत नव्हती, असं मी आईला सांगायचो. रविवार मला पूर्वी मिळत होते आणि तेव्हाही मिळत होते.

यंदा फेब्रुवारीत आईने बजावून पाठवलं तेव्हा गेलो. कॅमेरा घरी ठेवला. मामा ओटीवर खाटेवर बसला होता, तोंड खाचरांकडे. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी माझा बक्षिसाचा फोटो, मीच चौकट करून दिलेला. तिथे बसलं की एका नजरेत फोटोतलं झाड आणि बांधावरचं झाड दोन्ही दिसतात. कुणी सांगितलं नसतं तर एकच झाड म्हणून ओळखता आलं नसतं. बांधावरच्या झाडाची सावली आता अर्ध्या खाचरावर पसरली होती.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. गेल्या साली रोप कुणी दिलं, यंदा शेत अर्धेलीने कुणाला लावायला द्यायचं, तेवढं. मग मामाने जरा बिचकतच विचारलं. माझ्या कामात खोड काढल्यासारखं व्हायला नको, असा त्याचा सूर होता.

“फोटो झालं का रं तुझं सगळं? झालं आसतील तर तोडून घेतो कोणाकडनं. सावलीखाली भात व्हत नाय.”

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तो अजून माझ्या परवानगीसाठी थांबला होता. दोन ऑपरेशनं होऊन, काठी हातात येऊनसुद्धा, रोज समोर ते झाड बघत थांबला होता.

“झाले, मामा,” मी म्हटलं.

“कवा?”

खोटं बोलता आलं असतं. फोनवर लोकांशी बोलतोच. पण मामी दारात उभी होती आणि शेवटच्या खेपेचा चहा तिनेच दिला होता.

“गेल्याच्या गेल्या पावसात,” मी म्हटलं.

मामीने हिशेब केला. “म्हंजे हे पडायच्या आदी,” ती म्हणाली, आणि आत गेली.

मामा झाडाकडे बघत राहिला. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“मंग एक फोन करायचा ना रं,” तो म्हणाला. “मी वाट बघत व्हतो.”