उलटा पंखा

जहाजबांधणीवाल्यांच्या एका मासिकाचा मी उपसंपादक. मला पोहता येत नाही, एलिफंटाच्या लाँचमध्येही मळमळतं, पण इंजिनिअरांचे लेख बिनधास्त सुधारतो.

एकदा गोदीतल्या जहाजाचा जुना फोटो छापायचा होता. जहाजाचं तोंड पानाच्या बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसत होतं, म्हणून मी तो आरशातल्यासारखा फिरवून छापला. चारच दिवसांत आमच्या दादरच्या कचेरीत लालबागचे एक म्हातारे निवृत्त फिटर आले. रुमालानं हात पुसून मगच त्यांनी अंक उघडला आणि जहाजाच्या बुडाशी असलेल्या पंख्यावर बोट ठेवलं.

"हा पंखा मी बसवलाय, साहेब. शेजारी उभा आहे तो मीच. पण पाती उलटी आलीत. अशानं जहाज मागं जाईल."

"काका, कोणाच्या लक्षात येतंय?"

"आमच्या चाळीत अर्धी गोदी राहते. हा फोटो भिंतीवर लावला तर चहाला येणारा प्रत्येक जण हसेल."

पुढच्या अंकात सरळ छापतो म्हणालो आणि विसरलो. अंक निघाला त्या दिवशी ते आले. हात पुसून एकेक पान पाहिलं.

"असू दे, जागा नसेल," म्हणाले आणि सावकाश जिना उतरले.

मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्येच होता. सरळ प्रत काढून द्यायला दोन मिनिटं पुरली असती, हे शहाणपण ते गेल्यावर सुचलं. आता प्रत पाकिटात घालून ठेवलीय. पाकिटावर लिहायला त्यांचं नाव मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.