उंदीरबाईंचा प्रश्न

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका सोमवारी अकरा वाजता संचालकांनी तिचं नाव वाचलं. मेंदू-विभागाची प्रमुख ती झाली. अर्ज माझाही होता.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पिंपरीतल्या आमच्या संस्थेत गाभण उंदरिणींना मद्य देऊन पिल्लांचे मेंदू तपासायचं काम तिने उभं केलं. पिल्लू उचलण्याआधी ती हात काखेत धरून ऊबदार करायची. आसपासचे लोक तिला ‘उंदीरबाई’ म्हणत. ती हसून ओ देई. मला त्याचाही राग यायचा.

माणसांची पाहणी माझ्याकडे होती. चाकणच्या बाजूला तेव्हा कारखान्यांऐवजी कांद्याची शेतं होती. चार महिने मी कुरुळी, निघोजे भागात फिरून गरोदर बायकांना छापील प्रश्न विचारला : “दारू पिता का?” प्रत्येक कागदावर ‘नाही’. मी मनातून सुखावले. तिच्या उंदरांचा इथल्या माणसांशी संबंध नाही, असं लिहायला मी मोकळी झाले होते.

मग एकदा ती माझ्याबरोबर आली. बसायला खाट टाकली, तरी ती ओसरीवर कांद्यांच्या ढिगाशी बसून पात कापू लागली. घरच्या सुनेला सातवा महिना होता. हिने तिला सहज विचारलं, “थंडी वाजली की काय घेता?”

“औषध घेते की. दीर मिल्ट्रीत हायेत, त्यांनी बाटली आणलीय. सासूबाई रोज दोन घोट देत्यात.”

“आणि दारू?”

“अगं बया! दारू पिणाऱ्यातल्या वाटलो व्हय आमी?”

बाटली ब्रँडीची होती. 

तिचाच प्रश्न विचारत आम्ही सगळी घरं पुन्हा केली. ‘औषध’ बऱ्याच घरांत निघालं. अहवालावर तिने माझं नाव पहिलं घातलं. म्हणाली, “ताई, दारं तुम्ही वाजवलीत. मी नुसती कांद्यांची पात कापली.” मी ‘नको’ म्हटलं नाही. परिषदेत त्या प्रश्नासाठी माझं कौतुक झालं, तेव्हा मागच्या रांगेत ती जोरात टाळ्या वाजवत होती. दिलदारपणातही ती माझ्या पुढेच.

गेल्या महिन्यात ती गेली. शोकसभेत तिच्या भाचीने विचारलं, “औषधाचा तो प्रश्न तुमचाच ना?” मी ‘हो’ म्हणाले.

तो तिचा होता. अहवाल माझ्या कपाटात आहे आणि त्यावर पहिलं नाव माझं आहे.