खळ्यावरचं फडकं

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तुमच्याकडच्या शाळेतली मुलं खरंच मास्क लावायची? की नुसतं हनुवटीवर?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुमची शाळेची बस आली. गोष्ट अर्धवट सांगून सोडली की मला ती उघड्या राहिलेल्या कपाटासारखी दिसत राहते. म्हणून सगळं नीट लिहून काढते. मराठी कुठे अडलं तर आईला विचारा, फोनला विचारू नका.

निवृत्त झाल्यावर मी महाडहून एसटीनं पोलादपूरला एका प्राथमिक शाळेत जायला लागले. आठवड्यातल्या काही सकाळी, बिनपगारी. इंग्रजी शिकवायला नव्हे. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, तिथं अशी लहान मुलं बसायची ज्यांच्या अंगाला सगळंच जास्त लागतं. आपल्याला घंटा ऐकू येते, त्यांना ती कानात घुसते. आपल्याला शर्टाची शिवण कळतही नाही, त्यांना ती दिवसभर कुरतडते. धाकटे, तू दोन वर्षांची असताना स्वेटरचं मानेवरचं लेबल टोचतं म्हणून आख्खं विमानतळ डोक्यावर घेतलं होतंस. तुझ्या आईनं शेवटी एका दुकानदाराकडून कात्री मागून घेतली. तेच, पण रोज आणि सगळीकडून. ही मुलं हट्टी नसतात, हे मला तुझ्यामुळे आधीच ठाऊक होतं.

कोरोनामुळे जवळजवळ दोन वर्षं शाळा बंदच होत्या. मध्ये महाडात पूर येऊन गेला, घराघरांतला गाळ काढून झाला, भातं कापून झाली, आणि मग कुठे लहानांचे वर्ग उघडले. नियम एकच होता. ज्याच्या नाकावर मास्क, तो फाटकाच्या आत.

शाळेची मुख्याध्यापिका माझी दहावीची विद्यार्थिनी. तेव्हाही तिची वही सगळ्यांत स्वच्छ असायची. मी तिला म्हटलं, "माझ्या खोलीतल्या मुलांना थोडी सवलत दे."

"बाई, एकाला सोडलं तर उद्या फाटकाशी पन्नास पालक उभे राहतील. आणि तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, रूल इज रूल?"

"ते मी उशिरा येणाऱ्यांना म्हणायचे."

"मी कधी उशिरा आले होते का?"

नव्हती आली. 

माझ्या खोलीतली बहुतेक मुलं चारसहा दिवसांत रुळली. एक मुलगा मास्क चघळून चघळून ओला करायचा, त्याची आई दप्तरात थप्पीच देऊ लागली. राहिली एक मुलगी. सहा वर्षांची, पहिलीत नाव घातलेली, डोंगरावरच्या वाडीतली. घरी म्हशी, शेळ्या आणि थोडं भात. बाप महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. रातपाळी करून आला की तसाच मोटारसायकलवर मायलेकींना खाली आणून सोडायचा. मुलगी घरी मोजकं बोलायची, शाळेत अजिबात नाही. पण फाटकाबाहेर मी तिच्याजवळ पाटी घेऊन बसले की चित्रं बरोबर जुळवायची, आणि पाटीवर काढलेलं अक्षर बोटानं हवेत तसंच्या तसं गिरवायची. तिला शाळा हवी होती. फाटकाच्या गजांना धरून ती आत बघायची ते बघूनच कळायचं.

मास्क मात्र कानाला लागला की ती तो ओरबाडून काढायची आणि जमिनीवर बसून डोकं गुडघ्यांत घालायची.

वसाहतीतल्या एका कारखान्यानं शाळेला पांढऱ्या मास्कचं खोकं दिलं होतं. ते टोचायचे. मी म्हटलं, आपण घरी शिवू. मऊ मलमल आणली, शिवणयंत्रावर बसले, सुबक चार मास्क झाले. आता तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे. धुतले, पेजेत बुचकळले, उन्हात वाळवले आणि कडक इस्त्री मारली. घडी अशी की त्यावर पत्र लिहावं. मुलीनं त्यातल्या एकाला एक बोट लावलं आणि ते बोट फ्रॉकला कितीतरी वेळ पुसत राहिली. तिची आई पदर तोंडाशी धरून हसली.

"बाई, पापड केलाव व्हय!"

मग आम्ही बाहुलीला मास्क लावला, मांजरीच्या चित्राला लावला, मी दोन लावले. बाहुलीला चालला, मांजरीला चालला. तिला नाही.

बाप एक दिवस फाटकाशीच थांबला. डोळे झोपेनं लाल. तो रागावलेला नव्हता, नुसता थकला होता.

"बाई, मी रातपाळी करून येतो, हिला उतरवतो, आन् रोज दारातनं परत न्यायची. नाताळच्या सुट्टीपर्यंत बघतो. नाय जमलं तर राहूदे घरी. शेळ्या राखील. म्हातारी तर आधीपास्नं म्हनते, हिला शाळा कशाला."

 आईनं मुलीचं दप्तर काखेला घट्ट धरलं. मुलीला खाली शाळेत घालायचं हे तिनं एकटीनं भांडून मिळवलं होतं, हे मला ठाऊक होतं. एकदा घरी बसली की ही मुलगी परत उतरणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या सकाळी मी शाळेत न जाता जीपमध्ये बसले. जिथं डांबर संपतं तिथं उतरले आणि चढायला लागले. माझे गुडघे आणि तो चढ यांचं काय बोलणं झालं ते लिहीत नाही.

वाडीत पोचले तर घरं रिकामी. सगळे खळ्यावर. कातळाशेजारची जागा शेणानं सारवून केलेलं खळं, एकीकडे झोडून काढलेल्या भाताची रास, आणि बाया सुपं डोक्यावर धरून भात वाऱ्यावर सोडत होत्या. दाणा खाली पडत होता, भूस उडून बाजूला. ते भूस फार वाईट. डोळ्यांत जातं, गळ्याला खाजतं, घामाला चिकटतं. म्हणून सगळ्या बायांनी नाकातोंडावर कापड बांधलेलं.

आणि भुसाच्या कडेला, हातात लहान खराटा घेऊन, उडून आलेले दाणे राशीकडे लोटत होती माझी ती पहिलीतली मुलगी. नाकातोंडावर फडकं. डोळ्यांखालपासून हनुवटीच्या खालपर्यंत, गाठ मागे मानेवर.

मी हाक मारली नाही. बांधावर बसले आणि बघत राहिले. मधूनच वारा पडला, सगळ्यांनी सुपं खाली ठेवली, बायांनी तोंडावरची कापडं ओढून खाली घेतली आणि पाणी प्यायल्या. हिनं नाही काढलं. उलट दोन्ही हातांनी चाचपून ते नाकावर नीट बसवलं. वारा परत सुटला तशी आई रोजच्या सवयीनं ओरडली, "नाक झाक गो!" झाकलेलंच होतं.

तेवढ्यात आईनं मला पाहिलं. धावत आली, तोंडाला कोंडा, केसांत भाताचं बोचरं तूस.

"बाई, तुमी कशाला चढलाव! कामाला मानसं नायत म्हनून आलो नाय. आन् येऊन तरी काय करायचं, ती मास्क लावूनच घेत नाय."

"आणि हे काय लावलंय?"

तिनं वळून बघितलं. मग माझ्याकडे.

"तो मास्क कुठं हाय? ते फडकं हाय."

"दिवसभर असंच असतं?"

"भूस संपंस्तवर सोडत नाय. तिला तूस लागलेलं खपत नाय ना अंगाला. दोन वर्सं झाली, आपली आपनच बांधून मागते." बोलता बोलता तिची नजर पुन्हा लेकीच्या फडक्यावर गेली. हातातलं सूप तसंच राहिलं. "अगो बाय," ती हळूच म्हणाली, आणि मग आम्ही दोघी खळ्याच्या कडेला अशा हसलो की म्हातारी सासू काठी टेकत विचारायला आली, कोन पडलं?

मुलीनं मला जवळ येऊ दिलं. मी फक्त बघितलं, हात नाही लावला. सासूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की नुसतं बघूनही कळावं. कानांना कुठेही टेकत नव्हता. आणि त्याला वास होता तो चुलीच्या धुराचा, म्हणजे घराचा. पेज नाही, इस्त्री नाही. आईनं त्याच लुगड्याचे आणखी सहा तुकडे फाडले. रोज धुवायचे आणि चुलीपाशी वाळवायचे असं ठरलं. साबण लावून, डेटॉलात बुडवून, मीच धुते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता फाटक. मुख्याध्यापिकेनं फडकं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हा मास्क आहे?"

"नाक झाकलंय?"

"झाकलंय."

"तोंड?"

"हो, पण... पांढरे दिलेत ना सगळ्यांना. दोन दिवसांनी तपासणीला केंद्रप्रमुख येणार आहेत. रांगेत ही एकटी अशी, जांभळं फडकं बांधून..."

"रूल काय आहे? नाक आणि तोंड झाकणं. रंगाचा रूल दाखव, मी स्वतः हिला घरी पोचवते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि फाटकाची कडी काढली. मुलगी उंबऱ्यावरून आत गेली ती सरळ पहिलीच्या वर्गात, माझ्या खोलीत नव्हे. पहिल्या बाकावर बसली. बाहेर व्हरांड्यात तिची आई भिंतीला टेकून बसली होती, उठायला तयार नव्हती, उगाच काही झालं तर म्हणून.

काही झालं, ते इतकंच. मधल्या सुट्टीत एक पोरगा ओरडला, "डाकू आली रे, डाकू!" आणि चार पोरं हात वर करून भिंतीशी उभी राहिली. तिला हा खेळ फार आवडला असावा. ती त्यांच्यासमोरून एकेकाला निरखत अशी चालली, की दुसऱ्या दिवशी दोन पोरं घरून रुमाल बांधून आली. मास्क चघळणाऱ्या मुलालाही मी तसंच मागे गाठ मारलेलं फडकं दिलं. चघळायला काही सैल लोंबतच नव्हतं, त्यानं चघळणं सोडलं.

केंद्रप्रमुख आले. मुख्याध्यापिका सकाळपासून पांढऱ्या मास्कची रांग पुढे, फडक्यांची मागे, असं करत होती. पण मुलगी आपल्या पहिल्या बाकावरून हलली नाही. जागा बदललेली तिला चालत नाही. साहेब उंच, भारदस्त, बोलायला सोपं जावं म्हणून मास्क हनुवटीवर घेतलेला. मुलांना म्हणाले, "छान, छान. सगळे नियम पाळता ना?" मग नजर खाली गेली. "हिनं हे काय बांधलंय? हिचा मास्क कुठंय?"

मुख्याध्यापिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर जुळवत होते, चांगलं दोन परिच्छेदांचं. तेवढ्यात मुलगी उठून उभी राहिली. तिनं साहेबांच्या हनुवटीकडे बघितलं, बराच वेळ. चित्र चुकीचं जुळलं असलं की बघायची तसं.

"नाक झाक," ती म्हणाली.

 शाळेत तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. साहेबांना कळलं नाही. ते वाकले, "काय म्हणालीस?"

मग ती खळ्यावर वारा सुटल्यावर तिची आई ओरडायची तशी ओरडली, त्याच सुरात, शब्दाला शब्द:

"नाक झाक गो!"

साहेबांचा हात आपोआप वर गेला आणि मास्क नाकावर बसला. मुख्याध्यापिकेचे डोळे मिटलेले.  मग साहेब, जे याच पट्ट्यातले, बहुधा अशाच एखाद्या खळ्यावर वाढलेले, मास्कच्या आतून म्हणाले, "झाकलं गो बाय, झाकलं!" आणि सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं मान हलवून पसंती दिली आणि खाली बसली.

व्हरांड्यातून तिची आई दारात आली होती. "बाई, कोन बोललं?"

"तुझी लेक."

"शाळेत?"

"साहेबांना."

तिनं दाराची चौकट धरली आणि तिथंच खाली बसली.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापिका माझ्याजवळ आली. मला वाटलं रागावणार. तिनं आपला मास्क नाकावर आणखी वर ओढला आणि म्हणाली, "रूल इज रूल, बाई."

नाताळची सुट्टी लागली. सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी मी मुख्याध्यापिकेकडून किल्ल्या घेऊन राहिलेलं काम आवरायला शाळेत गेले होते, तर फाटकाशी मोटारसायकल थांबली. बाप, रातपाळीचेच लाल डोळे, आणि मागे ही, दप्तर पाठीला, फडकं बांधलेलं.

"अरे, सुट्टी आहे ना?" मी म्हटलं.

"मी सांगून दमलो. उजाडल्यापास्नं दारात उभी हाय अशी. ऐकतच नाय." त्यानं कुलूप लावलेल्या वर्गाकडे बघितलं, मग लेकीकडे. ती फाटकाचे गज धरून आत बघत होती, पण आता कुणीतरी उघडेलच अशी खात्री असल्यासारखी. "बाई, शेळ्या आता मलाच राखायला लागनार."

मी किल्ल्या काढल्या.