मामांची इटलीची गाडी

आम्ही खोताच्या वाडीत राहायचो तेव्हा खालच्या खोलीत एक मामा होते, त्यांच्याकडे इटलीची लाल मोटारसायकल, शर्यतीची. नजर अधू झाली म्हणून विकायला काढलेली, पण प्रत्येक गिऱ्हाइकात खोट काढायचे, एकाचे बूट मळके, दुसरा सारखा शिंकतो.

गाडी सुरू झाली की धडाधड बार निघायचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे, गोळीबाराचे, मी घाबरून बाळाला घेऊन खाटेखाली शिरायचे. मामांनी एकदा ते बघितलं. तेव्हापासून ते गाडी नाक्यापर्यंत ढकलत न्यायचे आणि तिथे सुरू करायचे.

एकदा चांगलं गिऱ्हाईक आलं. मामा धापा टाकत ढकलायला लागले तसं ते म्हणालं, "बंद गाडी विकता होय?" आणि निघून गेलं.

मला रडूच आलं. म्हटलं, "मामा, पुढचा आला की मी बाळाला घेऊन डिलाईल रोडला आईकडे जाते. तुम्ही इथेच सुरू करून दाखवा."

"येडी काय गं तू? कुठे कधी गोळी सुटेल सांगता येत नाही, आणि तान्ह्याला घेऊन फिरतेस?" असं मला दटावलं, आणि शीळ घालत गाडी पुसायला बसले.