एक जूनची मुलगी

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने माझ्या मुलीचं एक वर्ष चोरलं. भावाचं नाव सुधाकर, मुलीचं तनुश्री. फोनवर त्याला बोलून झालं आहे. आता लिहून ठेवतो, म्हणजे गावाकडच्यांनाही कळेल आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनाही.

मी निघालो तेव्हा तनू तीन वर्षांची होती. बडनेरा स्टेशनवर ती दादाच्या कडेवर बसून शेंगा खात होती आणि माझ्याकडे यायला तयार नव्हती. गाडी हलली तसा दादा खिडकीशी चालत म्हणाला, "तू जाय बिनघोर. पोरगी माही हाये." राजापेठेत संत्र्याची हातगाडी लावणारा मी, इटलीत गाईंच्या गोठ्यावर शेण ओढायला गेलो.

आज क्रेमोनाजवळच्या एका गावात, आठवडी बाजारात माझं फळांचं दुकान आहे. इथे बाजाराला मर्कातो म्हणतात. इथली माणसं भाव करायला लाजायची, मी त्यांना ती सवय लावली. एक डागी संत्रं माझ्या नजरेतून सुटत नाही. पण एक कागद सुटला.

तनू आणि तिची आई नऊ वर्षं नांदगाव खंडेश्वरजवळ आमच्या घरी, दादाकडे राहिल्या. तिला गोवर निघाला तेव्हा दादाने पेरणी सोडून तिच्या उशाशी तीन दिवस काढले. सायकल त्यानेच शिकवली. ती त्याला मोठे बाबा म्हणते; मला नुसतं बाबा. हिशेबाने ते बरोबरच आहे.

मग ती आईबरोबर इथे आली. भाषा येत नव्हती, म्हणून मैदानावर पळायची. तिथे बोलावं लागत नाही. तीन वर्षांत ती जवळच्या शहरातल्या क्लबच्या मुलींच्या फुटबॉल संघात पोचली. इटलीभरच्या क्लबांच्या कमी वयाच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते. आधी आपल्या भागातले सामने, त्यातून वर आलेल्यांची अंतिम फेरी. तनू डाव्या बाजूने खेळते. मागच्या हंगामात त्यांचा संघ अंतिम फेरीच्या दारातून परतला. या हंगामात पोचायचंच, असं तिने कपाटावर चिठ्ठी चिकटवून ठरवलं होतं.

हंगाम सुरू होताना तिच्या प्रशिक्षक बाईंनी मला बोलावलं. इथे प्रशिक्षकाला, बाई असली तरी, मिस्टर म्हणतात. मिस्टरने पासपोर्ट पुढे ठेवला आणि हळूच सांगितलं की सतरा वर्षांखालच्या संघात तनू आता बसत नाही. फक्त जन्माचं वर्ष बघतात, आणि तिचं वर्ष हद्दीच्या एकाने मागे पडतं.

तनू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरीच जन्मली. पासपोर्टवर एक जून आहे, आणि तोही आदल्या वर्षीचा. एक जून मी पूर्वीच पाहिला होता आणि हसलो होतो. माझा जन्म एक जूनचा, दादाचा एक जूनचा, आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचा एक जूनचा. गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांना तीच तारीख वाटली. ती इतकी घरची वाटली की पुढचं वर्ष मी वाचलंच नाही.

मी मिस्टरशी घासाघीस केली. आवाजही चढवला. ती शांतपणे म्हणाली की आता तारीख बदलून आणली तर समोरचे संघ म्हणतील, वय चोरलं. शिवाय इथे राहण्याच्या परवान्यापासून शाळेपर्यंत सगळं त्याच तारखेवर उभं आहे. मोठ्या मुलींच्या संघात जागा नव्हती.

घरी येऊन दादाला फोन लावला. त्याने लपवाछपवी केली नाही. त्याची मुलगी मीनल तनूपेक्षा दहा महिन्यांनी मोठी. मीनल शाळेत निघाली तेव्हा तनू फाटकाला धरून रडायची, जेवायची नाही. तिची जन्मनोंद तोवर राहिलीच होती. ती करताना दादाने तारीख मागे सांगितली, दोघी एका बाकावर बसाव्यात म्हणून.

"तिचं रडनं पाहावत नोतं मले," तो म्हणाला. "तू तिकडं होता. मी काय करू?"

मी म्हणालो, या एका तारखेने पोरीचा संघ गेला.

"मंग त्याईले सांग ना, आमच्या गावात सारेच एक जूनले जन्मतात."

मी फोन आपटला. बायकोला विचारलं तर तिला माहीत होतं; दादांपुढे बोलायचं कसं, म्हणून गप्प राहिली. आणि तनू मलाच दटावते, "मोठ्या बाबांना काही बोलायचं नाही." रविवारी ती तिच्या संघाचे सामने कठड्याबाहेरून बघते. डाव्या बाजूला चेंडू गेला की तिचा पाय हलतो. मी तिच्याकडे बघत नाही.

तुम्ही बाहेर गेला असाल तर मुलांचे कागद दोनदा वाचा. आणि गावात असाल तर एवढं समजा, की ज्या गावात आपलं वय कोणी कागदावर मागत नाही, शेजारीणच सांगते की ही अमक्या करीला झाली, त्याला मी आता घर म्हणतो. तिथे तनूचं वर्ष अजून शाबूत आहे. इथे नाही.

तिने विचारलं नाही, म्हणून मी विचारतो. दादा, माझी मुलगी कोणत्या वर्षी जन्मली? तू सांगितलंस तेच कागदावर चढलं, तेव्हा उत्तरही तूच दे. फोनवर नको. इथे ये, रविवारी त्या कठड्याशी तिच्या शेजारी उभा राहा, आणि तिच्या तोंडाकडे बघून सांग.