काशीला सोडलेला लसूण

मोठेबाबा काशीहून परत आले ते कांदा-लसूण सोडून. काशीला जाऊन आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडायची, असा रिवाज. हुशार माणसं कारलं सोडतात, नाहीतर वर्षातून एकदा दिसणारं रामफळ. वडिलांचे हे थोरले भाऊ मात्र गावभर सांगत फिरले की मी जिभेचं सुखच गंगेला देऊन आलो. भाजलेल्या जवसात लसूण तळून घातलेली चटणी हा त्यांचा जीव, हे सगळ्या बोरगावाला ठाऊक होतं. त्यामुळे कौतुकही भरपूर झालं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या घराचाच लसूण बंद झाला. त्यांच्यासोबत मोठीआई गेली होती, त्यांची बायको. तिनं संत्रं सोडलं. तिचं माहेर आर्वीकडचं, हिवाळ्यात तिकडून करंडी भरून संत्री यायची. ती आम्हाला सोलून द्यायची आणि स्वतः एक फोड तोंडात टाकायची नाही. तिचं कौतुक कुणी केलं नाही.

वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि बोरगाव म्हणजे शहराला लागून असलेल्या भाजीच्या वाड्या. आमच्या वाडीत वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, लसणाचे वाफे. मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. आमच्याकडे एक कुत्री होती, पिल्लू असताना मीच उचलून आणलेली. तिला नाव नव्हतं, यू-यू म्हटलं की यायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपायची ती तिची जागा.

काशीहून आल्या आल्या मोठेबाबांच्या सोवळ्याच्या धोतराला तिचं नाक लागलं. त्यांनी तिला काठीनं झोडपलं आणि विहिरीमागच्या कडुलिंबाला बांधून ठेवलं. वर फर्मान काढलं की मावंदं झालं की कापसाच्या गाडीबरोबर हिला सिंदीला न्यायचं आणि रेल्वे स्टेशनावर सोडून द्यायचं. मावंदं म्हणजे काशीयात्रा पार पडल्याचं जेवण, त्यात गंगेची पूजा होते आणि पाहुण्यांना गंगाजलाचे गडू वाटतात. माझे वडील शाळेत मास्तर होते. वर्गात त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं गार व्हायची. थोरल्या भावापुढे ते मूग गिळून बसले. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले, ते मोठे आहेत. त्या दिवशी मी मनात डूख धरला, आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलं नाही.

बांधलेली कुत्री दिवसभर रडायची, दोर चावायची, माझ्यावरसुद्धा गुरगुरायची. तिला फिरवायची सोय नव्हती, म्हणून मी एक खेळ काढला. भाजीच्या रिकाम्या टोपल्या तिच्यासमोर पालथ्या घालायच्या, एकीखाली साय लावलेला भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, धुंड. पहिल्यांदा तिनं सगळ्याच टोपल्या उलथून टाकल्या. मग हळूहळू नाक जमिनीला लावून सावकाश फिरू लागली, बरोबर टोपलीपाशी थांबू लागली. ती बसली की मी तुकडा द्यायची. घटकाभर हा खेळ झाला की अशी गाढ झोपायची, जणू शेतावर राबून आली आहे. तिचं रडणं थांबलं. मी तुकडा पाचोळ्यात लपवला, वांग्याच्या बुडाशी पुरला, कडुलिंबाच्या ढोलीत ठेवला. तिला सगळं सापडायचं.

काशीचं पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून मोठेबाबांनी रोज सकाळी घरातल्या प्रत्येकानं पाया पडायचा नेम लावला होता. आम्ही वाकायचो, ते डोक्यावरून वेणीपर्यंत हात फिरवायचे. एका सकाळी तशीच मी कुत्रीकडे गेले, तर तिनं माझे केस हुंगायला सुरुवात केली. हुंगता हुंगता चाटायला लागली. मी वेणी पुढे ओढून नाकाला लावली. जवसाची चटणी. तळलेला लसूण, तेल, सगळं.

मला इतका आनंद झाला की मी तिथंच मातीत बसून हसले. सगळ्या घराचा लसूण बंद करून, माझ्या कुत्रीला विटाळ ठरवून हा माणूस नाकानं कांदे सोलत होता. पण नुसतं सांगून माझं ऐकणार कोण. चटणी कुठे आहे ते सापडायला हवं होतं, आणि तेही चारचौघांत. मग मी खेळ बदलला. शेजारच्या घरून चटणी मागून आणली, चिंधीला चोळली आणि भाकरीऐवजी ती चिंधी लपवू लागले. अडचण अशी की वाफ्यांत कच्चा लसूण जिकडेतिकडे उभा, कुत्री त्याच्यापाशीही बसायची. तिथं बसली की काही द्यायचं नाही, चिंधीपाशी बसली की सायीची भाकरी. मावंद्याच्या आत तिला भाजलेल्या जवसाचा आणि तळलेल्या लसणाचा वास पक्का कळू लागला. जिच्या नाकाला विटाळ म्हणाले त्याच नाकानं मी त्यांना उघडं पाडणार होते.

मावंद्याच्या दिवशी अंगणात मांडव होता. वर्ध्याचे मास्तर, कचेरीतले कारकून, गावातले वाडीवाले, सगळे जमले होते. गंगाजलाचे तांब्याचे गडू देवघरातल्या पेटीत होते आणि त्या पेटीला मोठेबाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. ते आंघोळीला गेले असताना भटजींनी पूजेसाठी पेटी मागवली. दोन पाहुण्यांनी ती उचलून आणली आणि गडू पाटावर ओळीनं मांडले. मोठेबाबा ओल्या धोतरानं बाहेर आले, पाटाकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकले. मी तेवढंच बघितलं आणि जाऊन कुत्रीचा दोर सोडला.

मांडवात आणून मी हळूच म्हटलं, धुंड. लोक पाय वर घेऊन ओरडले. ती कुणाकडे न बघता गडवांच्या ओळीवरून नाक नेत गेली आणि शेवटून दुसऱ्या गडूपाशी बसली. मोठेबाबा काठी घेऊन धावले, गडू लवंडला. बाकी गडवांची तोंडं कथलानं झाळून बंद केलेली होती, याला नुसतं फडकं बांधलं होतं. फडकं सुटलं आणि पाटावर चटणी सांडली. सगळ्या मांडवात लसणाचा वास झाला. गंगा ओतून देऊन त्यांनी त्यात चटणी भरली होती. कुणी हात लावणार नाही अशी घरात तेवढी एकच जागा होती.

मोठेबाबांनी सरळ मोठीआईकडे बोट केलं.

"हे हिचं काम हाय," ते म्हणाले. "हिले काशी पचली नाई."

मोठीआईनं मान खाली घातली. सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. माझं डोकं असं फिरलं की काय करते आहे हे कळायच्या आत मी पुन्हा म्हटलं, धुंड. कुत्री उठली. मोठीआईजवळ गेली, तिचे दोन्ही हात हुंगले आणि पुढे गेली. मोठेबाबांच्या उजव्या हाताला नाक लावलं आणि तिथं बसली; लसणाचा वास एका आंघोळीनं जात नाही. साय मिळेल म्हणून माझ्याकडे बघू लागली. एक कारकून आधी हसला, मग अख्खा मांडव हसला.

त्यांनी काठी उगारली. ती मोठीआईनं वरच्या वर धरली.

"कुत्री घरातच राहीन," ती म्हणाली. "तुमाले जायचं असन तं जा. सिंदीची गाडी भरून राह्यली."

तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. गाडी सिंदीला गेली ती नुसता कापूस घेऊन, आणि कुत्री उंबऱ्यावर आपल्या जागी येऊन झोपली.

गोष्ट इथं संपवता आली असती. मी संपू दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा लसूण आला. मोठीआई सगळ्यांच्या ताटात चटणी वाढायची, त्यांच्या ताटात नाही. आठवडाभरानं मोठेबाबांनी मला वाडीत एकटीला गाठलं आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाले, "जराशी आनून देजो वं पोरी. कोनाले सांगू नको."

"पाप लागन, मोठेबाबा," मी म्हटलं.

ते शेजारीपाजारी खात असतील असा मला संशय होता. म्हणून रोज जेवणं झाली की मी कुत्रीला त्यांच्या पाटापाशी नेऊ लागले. आधी त्यांनी शिव्या घातल्या. मोठीआई काही बोलत नाही हे बघून मग शिव्या बंद झाल्या. पुढे पुढे तर तिला बघताच स्वतःच हात पुढे करायचे. वडील समोरच बसलेले असायचे, तेव्हाही गप्प, आणि त्यांचं गप्प बसणं मला पहिल्यांदा आवडलं. माझं लग्न होईपर्यंत हे असंच चाललं. लोक विचारतात, एवढ्या म्हाताऱ्या माणसाची दया नाही आली का. नाही आली. कुत्री हुंगायची, न बसता माघारी वळायची, आणि मी उठा म्हटल्याशिवाय मोठेबाबा पाटावरून उठत नसत.